उंबरठ्यावरची परीक्षा

२०२४ साली दिवाळी आणि हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले. महाविद्यालयाला सुटी होती आणि आम्ही उभयता न्यू जर्सीतील एडिसन येथे थोरल्या ताईकडे गेलो होतो. दाराबाहेर पणत्यांची रांग होती आणि तिच्या शेजारी डोळे-दात कोरलेला भोपळा. ताई लक्ष्मीपूजनाच्या तयारीत गुंतलेली, तेव्हा दार सांभाळण्याचे काम आमच्याकडे आले.

नियम तिने दोन वाक्यांत सांगितले. ओसरीवरचा दिवा लागलेला असेल तर ‘या’. विझलेला असेल तर ‘येथे नको’. अंधाऱ्या दाराशी मुले थांबत नाहीत आणि त्याबद्दल कुणी मनात रागही धरत नाही. समोरच्या घरापुढे निळसर हिरव्या रंगाचा भोपळा होता. ज्या मुलांना शेंगदाणे वा दूध सोसत नाही, त्यांच्यासाठी तेथे खाऊऐवजी पेन्सिली, खेळणी मिळतात, अशी ती खूण. एका पायरीवर नुसतेच भांडे ठेवले होते आणि ‘एकच घ्या’ अशी चिठ्ठी. राखण कुणाचीच नाही.

आम्ही मोठ्या हौसेने चकल्यांचा डबा बाहेर आणला, तो ताईने परत आत ठेवायला लावला. घरी केलेला पदार्थ चालत नाही, वेष्टनातलाच हवा. खाऊत कुणी विष वा पाते घालील, ही तेथील आईबापांची जुनी धास्ती. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने अनेक दशकांच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने खाऊत विष घालून मूल मारल्याचा सिद्ध झालेला प्रसंग त्यांना आढळला नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये एक मुलगा विषारी गोळीने गेला खरा, पण विष घातले होते त्याच्याच बापाने. हे सारे ऐकूनही आमच्या चकल्यांवर संशय घेतला गेला, याचे आम्हांस थोडे वाईट वाटलेच.

अंधार पडू लागला तशी मुले येऊ लागली. चेटकिणी, सांगाडे, परी, अंतराळवीर. ‘ट्रिक ऑर ट्रीट’, म्हणजे खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू, ही धमकी इतक्या गोड आवाजात दिली जात होती की आम्ही मूठ भरभरून देत होतो.

आठच्या सुमारास पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा एकटाच आला. मुखवटा नाही, वेश नाही. हातात उशीचा अभ्रा. आमच्या तोंडून नकळत प्रश्न गेला, ‘‘तुझा वेश कुठे आहे? आणि तू जरा मोठा नाहीस का?’’ तो क्षणभर थांबला, ‘सॉरी’ असे पुटपुटला आणि पायऱ्या उतरून गेला.

ताईने आतून ऐकले होते. ती म्हणाली, ‘‘अहो, असं विचारायचं नसतं. कुणाकडे वेशाला पैसे नसतात, कुणाला बोलायला जमत नाही. हात पुढे आला की द्यायचं.’’

आमच्यासारखे विचारणारे त्या देशातही आहेत, हे नंतर कळले. व्हर्जिनियातील चेसापीक शहरात बारा वर्षांवरील मुलाने असे दारोदार जाणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा होता. २०१९ साली वयाची मर्यादा चौदा झाली आणि तुरुंगवास वगळला गेला. परंतु या आधाराने आमचे समाधान होईना.

मागणाऱ्याने काही करून दाखवावे, ही अपेक्षा या चालीत मुळापासून आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गरीब लोक दारोदारी जाऊन मृतांसाठी प्रार्थना करीत आणि त्याबद्दल वड्या मिळवीत. स्कॉटलंड-आयर्लंडची मुले वेश घेऊन दाराशी गाणे म्हणत. आयोवातील डी मॉइन शहरात आजही मूल दारात विनोद सांगते आणि मग खाऊ घेते. विनोद फसला तरी खाऊ मिळतो.

हे वाचताना आम्हांस भोंडला आठवला. लोकसाहित्याच्या तासाला आम्ही तो वर्षानुवर्षे शिकवितो. गाणी संपली की झाकलेली खिरापत ओळखायची. तिखट की गोड, अशी विचारणा होते, चुकीची उत्तरे येतात, हसे होते. पण खिरापत ओळखता आली नाही म्हणून एखादी मुलगी रिकाम्या हाताने परतल्याचे आम्ही पाहिलेले नाही. ही परीक्षा अनुत्तीर्ण करण्यासाठी नसते, हे आम्ही वर्गात कधी सांगितले नाही. खरे तर ते आमच्या लक्षातच आले नव्हते.

वीस वर्षे हजेरी मोजून आणि अर्जांची छाननी करून पात्रता तपासण्याची सवय हाडीमाशी भिनली आहे. चकल्यांवरच्या संशयाने दुखावलेले आम्ही, तासाभरात एका मुलावर तोच संशय घेऊन मोकळे झालो.

त्या रात्री दहा वाजेपर्यंत आम्ही ओसरीवरचा दिवा मालवला नाही. भांड्यातली एक मूठ बाजूला काढून ठेवली होती. शेजारची घरे एकेक करून अंधारली, पणत्यांतले तेल संपले. तो मुलगा पुन्हा आला नाही. त्याची चूक काहीच नव्हती. दिवा लागलेला पाहूनच तो आमच्या दारी आला होता.