लिफ्ट बंद झाल्यानंतरचा डोंगर

वाचकहो, स्कीइंग म्हणजे बर्फावरून घसरत खाली येण्याचा खेळ, एवढे आपण जाणतोच. परंतु युरोप-अमेरिकेत आता पुष्कळांना घसरण्याइतकीच चढण्याचीही गोडी लागली आहे. केबल कारचा आधार न घेता बर्फाळ उतार स्वतःच्या पायांनी चढायचा, असा हा प्रकार. स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात. तिचे केस एकाच दिशेला कललेले असल्याने स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी ही पट्टी सीलच्या कातड्याची असे. आता मोहेरची किंवा नायलॉनची असते. टाच मोकळी राहते, त्यामुळे चालल्यासारखे पाऊल टाकता येते. माथ्यावर पोचल्यावर पट्टी काढायची, टाच जखडायची आणि उतरायचे. २०२६ च्या मिलान-कॉर्टिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये या चढाईच्या शर्यतींना प्रथमच स्थान मिळाले.

नोकरदार माणसाला यासाठी वेळ मिळतो तो संध्याकाळी, लिफ्ट बंद झाल्यावर. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे म्युनिक, झुरिक, डेन्व्हर अशा शहरांत आहेत. काही ज्येष्ठ स्वतःही तेथेच स्थायिक आहेत. म्हणून या विषयावर आपल्याशी बोलावेसे वाटले.

माझे थोरले आतेभाऊ चाळीस वर्षे म्युनिकला आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय ६७, हृदयाच्या एका रोहिणीत पाच वर्षांपूर्वी बसवलेला स्टेंट, आणि हिवाळ्यात आठवड्यातून एक संध्याकाळ या चढाईसाठी राखलेली. गेल्या थंडीत मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा वहिनींनी मला स्वयंपाकघरात गाठले. म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही डॉक्टर आहात. तुमचं ऐकतील ते. सांगा त्यांना, आता पुरे झालं.”

‘नको’ म्हणणे मला सोपे होते. परंतु इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी पाहिले आहे की, सरसकट मनाई केली की ज्येष्ठ माणूस एकतर खचतो, नाहीतर लपवू लागतो. लपवून केलेले धाडस अधिक घातक. म्हणून मी वहिनींना म्हटले, आधी आपण नीट चौकशी करू.

पहिली चौकशी शरीराची. थंडीत त्वचेखालील रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला अधिक जोराने काम करावे लागते. त्यात चढाईचे श्रम मिळाले की भार दुप्पट जाणवतो. सवय नसलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी, उपाशीपोटी, घाईने चढणे हे सर्वांत धोक्याचे. अण्णांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांची श्रमचाचणी घेऊन, मर्यादा आखून परवानगी दिली होती. ते वर्षभर चालतात. चढताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवतात. छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यांपैकी काहीही जाणवले की थांबायचे, सोबत्याला सांगायचे आणि मदत मागायची, हे त्यांना पाठ आहे.

मधुमेह असणाऱ्यांनी साखर तपासून निघावे आणि ग्लुकोज शरीरालगतच्या खिशात ठेवावे. इन्शुलिन गोठू देऊ नये. एकदा गोठलेले वापरू नये. दमा असल्यास थंड कोरड्या हवेने श्वासनलिका आकसू शकते. पंप हाताशी हवा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर डोक्यावरचा साधा आघातही गंभीर ठरतो; तेव्हा हेल्मेट हवेच, आणि जावे की नाही हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. माथ्यावर घामाने भिजलेला अंगरखा बदलावा, कारण उतरताना वाऱ्याने अंग झपाट्याने गार पडते.

दुसरी चौकशी डोंगराची. एका संध्याकाळी मी अण्णांबरोबर गार्मिश-पार्टेनकिर्शेनला गेलो. मला स्की येत नाही, मी खाली थांबणार होतो. अण्णा आणि त्यांचे सोबती बूट आवळून तयार झाले. चढणीच्या तोंडाशी मात्र उतार बंद असल्याची पाटी आणि आडवी दोरी होती. वर विंच लावलेले यंत्र काम करीत होते.

वाचकहो, हे विंच प्रकरण समजून घ्यावे. दिवसभर उखडलेला बर्फ रात्री अवजड यंत्रे सपाट करतात. तीव्र उतारावर यंत्र घसरू नये म्हणून ते पोलादी दोराने वरच्या खांबाला बांधलेले असते. हा दोर शेकडो मीटर लांब असू शकतो. यंत्र टेकाडाआड असले तर ते दिसतही नाही. दोर बर्फात निपचित पडलेला असतो आणि क्षणात ताणला जाऊन चाबकासारखा उसळतो. अंधारात तो दिसत नाही. अशा दोराने माणसे दगावली आहेत. काही ठिकाणी रात्री वा पहाटे हिमस्खलन टाळण्यासाठी स्फोटही घडवतात. लिफ्ट थांबली म्हणजे डोंगर विसावला, हा समज म्हणूनच खोटा आहे.

आमच्या शेजारून दोन तरुण दोरी ओलांडून वर गेले. त्यांना काही झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. खरी अडचण हीच आहे. नियम मोडल्यावर बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि त्यातून माणूस चुकीचा धडा शिकतो. अण्णांनी मुकाट्याने बूट सैल केले. दीड तास प्रवास करून आलेला माणूस न चढता परत फिरला. त्यांच्या हृदयाच्या अहवालापेक्षा मला त्या परत फिरण्याचा अधिक भरवसा वाटला.

जर्मनीच्या आल्पाइन क्लबने अशा चढाईसाठी नियम घालून दिले आहेत: बंदीच्या पाट्या पाळा, उताराच्या कडेने एकामागून एक चढा, लांबून दिसेल अशाच जागी उतार ओलांडा, अंधारात कपाळावर दिवा आणि अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या ठेवा. अनेक स्की केंद्रे ठराविक संध्याकाळी ठराविक वाट खुली ठेवतात आणि खाली उतरण्याची अखेरची वेळ सांगतात. निघण्यापूर्वी त्या दिवसाची सूचना पाहणे अत्यावश्यक.

तिसरी चौकशी घराची. लिफ्ट बंद झाल्यावर उतारावरचे गस्ती पथकही घरी गेलेले असते. पडलेल्या माणसावरून कोणी सहज जाणार नाही. म्हणून एकटे जाऊ नये. आम्ही तिघांनी बसून एक कागद केला: कोणती वाट, सोबत कोण, परतण्याची वेळ, चालू औषधे, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर ११२ ला फोन करायचा. हा क्रमांक संपूर्ण युरोपात चालतो. आपल्याकडेही तोच आहे. थंडीत मोबाइलची बॅटरी लवकर उतरते, म्हणून तो आतल्या खिशात ठेवावा. फोन न चालल्यास दिव्याने वा शिट्टीने मिनिटात सहा वेळा इशारा, मग एक मिनिट विश्रांती, पुन्हा सहा, हा आल्प्समधील संकटाचा संकेत आहे.

कागद फ्रिजवर लागला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “म्हणजे साडेनऊपर्यंत मी काळजी करायची नाही, आणि साडेनऊनंतर नुसती काळजी करत बसायचं नाही.” काळजीवाहकांसाठी याहून नेमका सल्ला मला देता आला नसता. वाट पाहणारा माणूस बहुधा ‘उगाच गहजब नको’ म्हणून फोन लांबवतो. वेळ आधीच ठरलेली असेल, तर तो संकोच उरत नाही.

आपला मुलगा, सून किंवा नातू परदेशातून फोनवर अशा चढाईविषयी उत्साहाने सांगू लागला, तर ‘कशाला जातोस?’ असे विचारू नये. ‘सोबत कोण आहे, वाट आज खुली आहे का, आणि खाली आल्यावर किती वाजता कळवशील?’ एवढेच विचारावे. आणि ती वेळ कागदावर लिहून ठेवावी.