गुलामाची जोडी

पत्ते आमच्या घराला नवे नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत बदाम-सात आणि मेंढीकोट आम्ही शेंगांच्या टरफलांचा ढीग साचेपर्यंत खेळलो आहोत. पण पैसे लावून पत्ते म्हटले की माझी आई कानांवर हात ठेवी. त्यामुळे अडुसष्टाव्या वर्षी लास व्हेगासच्या एका जुगारगृहात मी साठ डॉलर मोजून हिरव्या मेजाशी बसलो, हे ती जिथे असेल तिथून पाहत असेल तर तिने क्षमा करावी. माझ्या डाव्या हाताला तिचाच नातू बसला होता.

खेळ पोकरचा; त्यातला ‘होल्डेम’ नावाचा. टेक्सासमधल्या रॉब्सटाऊन गावाला त्याचे जन्मस्थान म्हणून तिथल्या विधिमंडळाने २००७ साली मान्यता दिली. (आमच्या गावाला अजून धड एस. टी. स्टँड नाही!) प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग मेजावर आधी तीन, मग एक, शेवटी आणखी एक अशी पाच पाने सर्वांच्या मालकीची उघडतात. या सातांतून ज्याची पाच उत्तम, त्याचा डाव. आमचा खेळ हलका होता. पहिल्या दोन फेऱ्यांत दोन डॉलर लावायचे, पुढच्या दोन फेऱ्यांत चार. कोणी वाढवले तरी तेवढ्याच टप्प्याने. दर डावातून जुगारगृह आपली नाल काढून घेते, ते वेगळेच.

हलका खेळ म्हणजे सोपा खेळ, असे तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. पण मोठी रक्कम लावून कोणाला भिववायची इथे सोयच नाही. मधे पंचवीस डॉलरचा ढीग आणि पुढचे पान पाहायला फक्त दोन डॉलर, उठेल कोण? हातात काही नसलेलाही ‘पाहू तरी’ म्हणून बसून राहतो. एक्क्यांची जोडी असेल तर ही गर्दी बरीच मानवते. पाने भिकार असतील तर फेकून मोकळे व्हावे. हाल होतात ते मधल्यांचे. गुलामाची जोडीच घ्या. दिसायला बरी, पण पहिल्या तीन पानांत राणी, राजा, एक्का यांतले एखादे तरी येण्याचा संभव शंभरात सत्तावन्न. आणि सहा जण टिकून असले तर ते पान कोणाच्या ना कोणाच्या घरचे असतेच.

पहिल्या तासात मला दश्शीची जोडी आली. मेजावर अठ्ठी, पंजी, दुर्री. म्हणजे माझीच जोडी वरचढ. पण बत्तीस वर्षे बँकेत काढलेला माणूस मी. काही न लावता चूप बसलो. सगळेच चूप बसले. पुढचे पान राणी निघाले आणि समोरच्या म्हाताऱ्याने हसत हसत ढीग ओढून नेला.

“बाबा, तुम्ही त्याला ते पान फुकट दिलंत,” चिरंजीव हळूच म्हणाले.

हे वाक्य मला लागले. कारण आदल्याच दिवशी, लॉस एंजेलिसहून येताना वाळवंटात त्याने मला वेगळीच गोष्ट सांगितली होती. त्याच्या कंपनीत माणसे कमी करणे चालू होते. त्याचा परवाना नोकरीशी बांधलेला. ती गेली तर दुसरी शोधायला फार तर साठ दिवस. दुसरीकडून एक बोलावणे आले होते, पगार थोडा कमी. मी अनुभवी बापाच्या थाटात म्हणालो होतो, “आहे ती धरून ठेव. गप्प बस.”

तो त्यावर गप्पच बसला होता.

रात्री अकराच्या सुमारास मला गुलामाची जोडी आली. मी वाढवले, तरी सहा जण राहिलेच. मेजावर नव्वी, छक्की, तिर्री. माझ्या उजवीकडच्या टोपीवाल्याने दोन लावले. आता मी नुसते दोन टाकले असते तर पुढच्या सर्वांना दोनच पडले असते. मी चार केले. पत्ते वाटणाऱ्या बाईने भुवया उंचावल्या, असे मला तरी वाटले. दोनला थांबणारी माणसे चारला विचार करतात. माझ्या डावीकडे पहिला विचार करणारा कोण, हे मात्र माझ्या ध्यानातच नव्हते. त्याने पाने क्षणभर बोटांत धरली आणि टाकली. मागोमाग आणखी दोघे गेले.

चौथे पान दुर्री. पुन्हा मीच लावले. पाचवे पान राजा.

माझ्या पोटात गोळा आला. पण टोपीवाला गप्प, उरलेली आजीबाई गप्प, मीही गप्प. पाने उघडली. टोपीवाल्याची नव्वीची जोडी. आजीबाईंची सत्ती-अठ्ठी, पंजी किंवा दश्शीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली. नाल जाऊन चाळीसच्या वर डॉलर माझ्यापुढे आले.

“तुझ्याकडे काय होतं रे?” मी विचारले.

“राजा-दश्शी.”

“अरे! मग तूच जिंकला असतास.”

“दोन असते तर थांबलो असतो,” तो म्हणाला. “चारला नाही परवडत. बरोबर खेळलात तुम्ही.”

आम्ही उठलो. सौ. आणि सूनबाई कारंजी पाहायला गेल्या होत्या. त्यांना शोधत रस्त्याने चालताना खिशातल्या नोटा मला उगाच जड वाटत होत्या. त्या त्याला द्याव्यात असे एकदा मनात आले, पण त्याने घेतल्या नसत्या.

“त्या दुसऱ्या कंपनीला उत्तर कधीपर्यंत द्यायचंय?” मी विचारले.

“शुक्रवारपर्यंत.”

“म्हणजे अजून तीन दिवस आहेत,” मी म्हणालो.