फ्रेडी कंच्या गावचा?

आमच्या भागात माणसाला नाव नंतर विचारतात, आधी गाव. निपाणीचा आठवडी बाजार असो की बेळगावचा बसस्टँड, पहिला प्रश्न ठरलेला: "कंच्या गावचं पाव्हणं?" उत्तर मिळालं की पुढचा हिशेब मनात आपोआप होतो. भाषा कोणती, सोयरे कुठले, मत कुणाला. १९५६ साली भाषेवर राज्यं वाटली गेली आणि आम्ही नको त्या बाजूला पडलो, तेव्हापासून आपला कोण नि परका कोण हे मोजत बसणं हा इथला घरगुती उद्योग आहे. त्यातून गवयीही सुटत नाहीत. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. मूळचे कोमकाळीमठ, घरची भाषा कन्नड, वास्तव्य देवासला, आणि निर्गुणी भजनांवर हक्क मात्र आम्हा सगळ्यांचा. त्यांच्यावरून इथं अजून प्रेमानं भांडणं होतात.

अशा मुलखात वाढूनही फ्रेडी मर्क्युरी या इंग्लिश गायकाचं गाव विचारायचं मला फार उशिरा सुचलं. आवाज मात्र कधीचाच घरात शिरला होता.

तो शिरला बेळगावच्या कॅम्पातून. मी तिथं बीएस्सीला होतो आणि माझा एक वर्गमित्र कॅम्पात राहायचा. घरी कोंकणी बोलणारा, वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे. त्याच्याकडे 'क्वीन' या फ्रेडीच्या बँडची कॅसेट होती. म्हणजे कुणीतरी गोव्याहून आणलेल्या कॅसेटवरून भरून घेतलेली कॅसेट, आणि तिच्यावरून मी माझी भरून घेतली. नकलेची नक्कल. गाण्यापेक्षा खरखरच जास्त. त्या वर्षी, १९८६ च्या जूनमध्ये, कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. शिवसेनेचे छगन भुजबळ वेश पालटून, दाढी लावून बेळगावात शिरल्याची कथा तेव्हा खोलीखोलीत रंगवून सांगितली जात होती. कॉलेज बंद. बाहेर पडायची सोय नाही. आम्ही खोलीत बसून बाकावर दोनदा हात आपटायचे आणि तिसऱ्यांदा टाळी द्यायची, हा 'वुई विल रॉक यू'चा ठेका वाजवत दिवस काढले. त्या गाण्याला जवळजवळ शेवटपर्यंत दुसरं वाद्यच नाही, पाय आणि हात. घोषणा ऐकून ऐकून तयार झालेल्या आमच्या कानांना ते लगेच पटलं.

कॅसेट निपाणीला आली तेव्हा खरी परीक्षा झाली. माझी आत्ती तंबाखूच्या वखारीत चाळायला जायची. संध्याकाळी अंगावरची तंबाखूची धूळ झटकत घरात आली की आधी खोकायची, मग बोलायची.

"कोण रं ह्यो वरडतोय?"

"इंग्लंडचा हाय, आत्ती."

"मग त्येला काय दुखतंय?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण 'बोहेमियन रॅप्सडी'च्या मधल्या भागात, जिथं एकदम ऑपेराच्या थाटात पन्नास माणसं भांडत असल्यासारखा गलका सुरू होतो, तिथं आत्ती थांबली. "बिस्मिल्ला म्हनला की ह्यो!" निपाणीला दर्ग्याचा उरूस हा साऱ्या गावाचा सण. तिला त्या शब्दात काहीच वावगं वाटलं नाही. उलट तेवढ्यावर तिनं गाणाऱ्याला माणसांत घेतलं. इंग्लंडातले समीक्षक त्या शब्दाचा अर्थ लावत बसले होते, हे मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं.

त्या गाण्याची हकिगत सांगायलाच हवी. १९७५ सालची गोष्ट. गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं. इतकं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार, म्हणून रेकॉर्ड कंपनी नाराज. केनी एव्हरेट या रेडिओवाल्या मित्रानं ते लंडनच्या कॅपिटल रेडिओवर एका शनिवार-रविवारात पुन्हापुन्हा वाजवलं आणि लोक दुकानांत विचारायला लागले. इंग्लंडमध्ये ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. ऑपेराचा भाग गायला होता बँडमधल्या तिघांनीच: फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. चोवीस ट्रॅकच्या यंत्रावर आवाजावर आवाज चढवत, भरलेलं पुन्हा दुसऱ्या ट्रॅकवर उतरवत गेले. शेवटी टेप इतकी झिजली की तिच्यातून उजेड दिसायला लागला, असं ते स्वतःच सांगत. आमच्या कॅसेटची खरखर तशी खानदानी म्हणायची.

फ्रेडीचं गाव मला कळलं ते वर्तमानपत्राच्या एका पुरवणीतून. पाचगणी! निपाणीहून पुण्याच्या रस्त्याला लागायचं, कोल्हापूर, कराड, सातारा मागं टाकायचं, पाचवडला वळून वाई गाठायची आणि पसरणीचा घाट चढायचा. सकाळी निघालेला माणूस दुपारी जेवायला तिथं पोचतो. फारुख बलसारा हा पारशी मुलगा ५ सप्टेंबर १९४६ ला झांझिबारमध्ये जन्मला. वडील तिथल्या कोर्टात रोखपाल, घराणं मूळचं बलसाडचं, आडनावातच ते दिसतं. आठ वर्षांचा असताना त्याला बोटीत बसवून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडलं. आईबाप समुद्रापलीकडे, सुट्टीत मुंबईला मावशी-आत्यांकडे. शाळेनं त्याला पियानो शिकवला. रेडिओवर ऐकलेली चाल तो लगेच पियानोवर काढायचा, असं त्याचे वर्गमित्र सांगतात. पाच पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, आणि गंमत अशी की त्या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हताच. गाणारा दुसरा मुलगा होता, हा पियानोवर. वरच्या जबड्यात जास्तीचे दात असल्यामुळं पोरं त्याला चिडवायची. त्याच्या बालपणावर लताबाईंच्या गाण्याचा प्रभाव होता असंही लिहिलेलं सापडतं. ते खरं असावं असं मला इतकं वाटतं, की मी त्यावर जरा कमीच विश्वास ठेवतो.

फ्रेडी हे नावही पाचगणीचंच. शाळेत पोरं आणि मास्तर त्याला तसं म्हणायला लागले. मर्क्युरी लंडनचं, १९७० च्या सुमाराला त्यानं स्वतः घेतलेलं. म्हणजे निम्मं नाव घाटावरचं.

मी ही बातमी आत्तीला सांगितली तेव्हा ती थकली होती. "आपल्या पाचगनीचा व्हय!" एवढं म्हणाली आणि शेजारणीलाही सांगून आली. त्यानंतर तो कधी ओरडला नाही, गायलाच.

बातमी गावभर झाली तशी मला एक गोष्ट खटकायला लागली. आम्ही त्याला ओढून घ्यायला निघालो होतो, पण त्यानं आम्हाला कधी हाक मारली होती? मुलाखतींत तो बालपणाबद्दल जवळजवळ बोलतच नाही. फ्रेडीसह क्वीन कधी भारतात वाजवायला आली नाही. पहिल्यांदा मला राग आला. मग त्या काळातलं इंग्लंड वाचलं. झांझिबारात जानेवारी १९६४ मध्ये क्रांती झाली, कत्तली झाल्या, बलसारा कुटुंब होतं तेवढं घेऊन लंडनजवळच्या फेल्थमला आलं. मुलगा सुट्टीत हीथ्रो विमानतळावर सामान हलवायचा, ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक कला शिकायचा, केन्सिंग्टनच्या बाजारात रॉजर टेलरबरोबर जुने कपडे विकायचा. १९६८ मध्ये इनॉक पॉवेल या खासदारानं बाहेरून आलेल्या काळ्या-सावळ्या माणसांविरुद्ध आग ओकणारं भाषण केलं. रस्त्यावर आशियाई पोरांना गाठून मारायचे ते दिवस. बलसारा नावाच्या मुलाला तेव्हा रॉकचा मंच कोण देणार होतं? पुढं काळ पालटला. सांगलीकडच्या आशा भोसले १९९१ मध्ये बॉय जॉर्जबरोबर गायल्या. कॉर्नरशॉप या बँडचा तजिंदर सिंग आपलं नाव न बदलता आशाबाईंवर गाणं रचून १९९८ मध्ये इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर पोचला. ती दारं फ्रेडीच्या वेळी बंद होती. लपला म्हणून त्याला नावं ठेवायचा अधिकार मला तरी वाटत नाही.

१३ जुलै १९८५ च्या 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या जलशाचं चित्रण मी फार नंतर पाहिलं. वेंब्लीचं मैदान, सत्तर हजारांवर माणसं, जेमतेम वीस मिनिटं. मधेच तो वाद्यं थांबवून नुसता आवाज फेकतो आणि सारं मैदान तो झेलून परत देतं. भजनात बुवा ओळ टाकतात आणि टाळकरी उचलतात, तसंच. पाचगणीत पियानोमागं बसलेला पोरगा इथवर आला तो पाचगणीमुळं नव्हे, लंडनमधल्या पंधरा वर्षांच्या राबणुकीमुळं, हेही मान्य केलं पाहिजे.

२४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला. आदल्या दिवशी त्यानं एड्स झाल्याचं जाहीर केलं होतं. वय पंचेचाळीस. अंत्यसंस्कार पारशी पद्धतीनं झाले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या. मी तेव्हा रक्त तपासणीचा कोर्स करून एका लॅबमध्ये नोकरीला लागलो होतो, आणि ज्या हमरस्त्यानं तंबाखू जायचा, कॅसेटी यायच्या, त्याच हमरस्त्यानं तो आजार आमच्याकडे उतरत होता. ट्रकचे थांबे, ढाबे, वखारी, एकट्या बायका. एड्स हा शब्द कुणी उच्चारत नसे. घरचे टीबी म्हणायचे, कावीळ म्हणायचे, "बाहेरचं काहीतरी" म्हणायचे. रिपोर्ट न्यायला माणूस यायचा तो गाव खोटं सांगायचा. जिथं गाव आधी विचारतात, तिथं. १९९२ मध्ये सांगलीत 'संग्राम' संस्थेनं धंदा करणाऱ्या बायकांबरोबर काम सुरू केलं, त्या बायकांनीच पुढं वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभारली आणि ते काम निपाणीपर्यंत आलं. त्याच १९९२ मध्ये क्वीनच्या लोकांनी फ्रेडीच्या नावानं एड्ससाठी ट्रस्ट काढला. दोघांना एकमेकांची खबरही नसेल. पण लॅबमध्ये नळ्या हलवताना मला ही दोन कामं शेजारशेजारची वाटायची.

२०१८ च्या नोव्हेंबरात 'बोहेमियन रॅप्सडी' सिनेमा आपल्याकडे लागला. त्याच्या दोनच महिने आधी, ६ सप्टेंबरला, सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कलमाचा भाग रद्द केला होता. सिनेमा मला ठीकच वाटला, पाचगणी त्यात जवळपास नाहीच. थिएटरातून बाहेर पडताना पुढची पोरं "आपला माणूस, आपला माणूस" म्हणत होती. त्यातल्या एकानं मग हलक्या आवाजात त्याच्या आजारावर आणि त्याच्या पुरुष जोडीदारांवर विनोद केला, बाकीचे हसले.

आपला म्हणायचा तर सगळा म्हणा. दात, आडनाव, झांझिबार, प्रेम, आजार, सगळ्यासकट. निम्मा फ्रेडी घेता येत नाही. आणि सीमाभागातल्या वाचकांना आणखी एक सांगतो, कारण माझी नोकरीच ती होती. सरकारी रुग्णालयांतून एचआयव्हीची औषधं फुकट द्यायला १ एप्रिल २००४ ला सुरुवात झाली. ती आता बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मिळतात, तपासणीही फुकट होते आणि नाव बाहेर जात नाही. फ्रेडीला ही औषधं मिळाली नाहीत, त्याच्यानंतर पाचेक वर्षांनी ती जगात आली. तुमच्या घरात, शेजारात कुणी गाव खोटं सांगत फिरत असेल तर त्याला तिथं घेऊन जा.