अकरा महिन्यांचा अनुभव
मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ मध्ये आली. विद्यावेतन बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००. आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. मी पदवीधर, बुलढाणा जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात लागलो. शिकलो काय? आवक-जावक, झेरॉक्स, अन् साहेब नसताना लोकांची बोलणी खाणं. खोटं कशाला बोलू, पैशाचा घरी आधार झाला.

परवा पुण्यात एका सल्लागार कंपनीत मुलाखत होती. प्रमाणपत्र पुढे केलं. मॅडमनी विचारलं, "यात तुम्ही स्वतः काय केलं?" मला सांगता येईना. हाच प्रश्न कार्यालयात पहिल्याच महिन्यात कुणी विचारला असता तर!

मुदत वाढवा म्हणून मीही घोषणा दिल्या होत्या. कोण, काय शिकवणार ते लिहून द्या, हे मात्र माझ्याही तोंडून निघालं नाही.