निकालाआधीचा प्रीमियम

‘तिमाही निकाल चांगला लागला, शेअरही वर गेला, मग माझ्या कॉलचा प्रीमियम उतरला कसा?’ मी ऑप्शनच्या किमतींवर संशोधन करते हे कळलं की लोक हमखास हा प्रश्न विचारतात. कुणीतरी मुद्दाम भाव पाडला, असा त्यांचा संशय असतो. उत्तर मात्र १९७९ सालीच छापून आलं आहे. जेम्स पॅटेल आणि मार्क वुल्फसन यांनी अमेरिकी कंपन्यांच्या ऑप्शनचे भाव तपासले, तेव्हा निकालाची तारीख जवळ येते तशी प्रीमियममधली गृहीत अस्थिरता, म्हणजे शेअर किती हलेल याचा भावात धरलेला अंदाज, चढते आणि निकाल लागताच उतरते, असं त्यांना दिसलं.

फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांच्या १९७३च्या सूत्रात अस्थिरता रोज सारखीच मानलेली आहे. पण कंपनीची बातमी रोज थोडी थोडी येत नाही. आपल्याकडे सेबीच्या नियमानुसार पहिल्या तिन्ही तिमाहींचे निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि त्यासाठीच्या बैठकीची सूचना शेअर बाजाराला आगाऊ द्यावी लागते. म्हणजे धक्का कुठल्या दिवशी बसणार हे सर्वांना ठाऊक असतं, दिशा तेवढी ठाऊक नसते. प्रकटीकरणाचा कायदा आणि ऑप्शनचं गणित इथे एकमेकांना भिडतात. मला या विषयाची ओढ लागली ती याचमुळे.

आकडे मांडून पाहू. शेअर १००० रुपयांना आहे, एक्स्पायरीला पाच दिवस उरलेत. एरवी तो दिवसाला १.९ टक्के हलतो, निकालाच्या दिवशी ६ टक्के हलेल असा अंदाज आहे. या हिशेबाने १००० च्या स्ट्राइकचा कॉल, म्हणजे शेअर १००० रुपयांना विकत घेण्याचा हक्क, साधारण २८ रुपयांना मिळेल. निकाल लागला, शेअर १०१५ वर गेला. आता उरले चार साधे दिवस. त्याच कॉलची किंमत भरते जेमतेम २४ रुपये. दिशा बरोबर ठरूनही चार रुपये गेले, कारण २८ रुपयांतला मोठा हिस्सा त्या एका दिवसाच्या अनिश्चिततेचा होता आणि ती आता संपली. यात कुणाचीही लबाडी नाही.

हे समजून न घेता निकालाच्या आदल्या संध्याकाळी कॉल घेणारी तरुण मुलं पाहिली की मला खरोखर काळजी वाटते. सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये (एफ अँड ओ) उतरलेल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला.

म्हणून एक विनंती. निकालाआधी एकाच स्ट्राइकच्या कॉल आणि पुटचे (म्हणजे शेअर विकण्याच्या हक्काचे) प्रीमियम जोडून पाहा. वरच्या उदाहरणात ते ५६ रुपये होतात. एक्स्पायरीपर्यंत शेअर वर किंवा खाली सरासरी तेवढा हलेल, हे बाजाराने आधीच धरलेलं आहे. त्याहून जास्त हलेल असं मानायला कंपनीच्या ताळेबंदात आणि हिशेबाच्या टिपांत ठोस कारण सापडलं नाही, तर तो ऑप्शन विकत घेऊ नका.