निडीच्या फलाटावर

परवा रोह्याला बँकेत जायचं होतं, म्हणून निडीच्या फलाटावर दिवा-रोहा गाडीची वाट बघत उभा होतो. "गुरुजी, ओळखलंत का?" म्हणत एकजण पाया पडला. खरं तर ओळखलं नव्हतं. नाव सांगितल्यावर मात्र शेवटच्या बाकावरचा, खाडीकाठच्या कोळ्याचा मुलगा डोळ्यांसमोर आला. गेल्या वर्षी कंपनीतून निवृत्त झाला म्हणे!

आमचं निडी दोन नद्यांच्या मधलं. एकीकडे नागोठण्याची अंबा, दुसरीकडे रोह्याची कुंडलिका. बाहेरच्यांना रोहा माहीत असतं ते चिंतामणराव देशमुखांमुळे, पांडुरंगशास्त्री आठवल्यांमुळे, नाहीतर धावीर महाराजांच्या पालखीमुळे. पण गेल्या पन्नास वर्षांत इथल्या घरांत चूल पेटली ती बरीचशी धाटावच्या एमआयडीसीमुळे.

रासायनिक कारखाने इथेच का आले? मी वर्गात सांगायचो, पाण्यामुळे. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याला उतरतं, तिथे टाटांचं वीजघर 1927 पासून चालू आहे. वीज करून झाली की ते पाणी कुंडलिकेत येतं. म्हणून आमची नदी मे महिन्यातही आटत नाही. त्याच पाण्यावर आज कोलाडला मुंबईची मुलं राफ्टिंग करतात. पण त्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, हे मी शेवटच्या पाच मिनिटांत उरकायचो. परीक्षेत येत नसे ना!

तर हा मुलगा. 1983 साली तो दहावी झाला तेव्हा मी स्वतः त्याच्या घरी गेलो होतो. "याला आयटीआयला घाला, कंपनीत चिकटेल," असं त्याच्या बापाला सांगितलं. बाप जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "मंग जाळं कोन टाकनार, गुरुजी?" मला ते अडाणीपणाचं वाटलं होतं.

मुलगा फिटर झाला. पक्कं घर बांधलं, दोन बहिणींची लग्नं केली. बापाची होडी मात्र किनाऱ्यावरच कुजली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातल्या 351 प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत कुंडलिकाही होती. ते वर्तमानपत्रात वाचलं आणि म्हाताऱ्याचा प्रश्न आठवला. तोवर तो गेला होता.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा तिने मॅसॅच्युसेट्समधलं लॉवेल दाखवलं. तेही नदीकाठचं छोटं शहर. मेरिमॅक नदीचे कालवे काढून त्यावर कापडगिरण्या चालवल्या, शेतकऱ्यांच्या पोरी तिथे कामाला आल्या. पुढे गिरण्या बंद पडल्या. आता एका गिरणीत संग्रहालय आहे. माग चालू करून दाखवतात, आवाज इतका की कानात बोळे घालावे लागतात. जुन्या गिरण्यांत लोकांनी घरं केली आहेत. सगळं स्वच्छ, नीटनेटकं. मला मात्र तिथे सारखं धाटाव आठवत होतं. त्यांच्या हिशोबाची वही मिटून काचेच्या कपाटात गेली आहे. आपली अजून उघडी आहे.

गाडी आली. डब्यात समोर बसून तो म्हणाला, "गुरुजी, नातू यंदा दहावीला आहे. काय करायला सांगू?"

चाळीस वर्षांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर माझ्या खिशात तयार असायचं. परवा मी त्याला एवढंच म्हटलं, "आधी त्याला एकदा खाडीवर घेऊन जा. आजोबांची होडी कुठे लागायची ते दाखव. मग दोघे घरी या, बोलू."

रोहा आलं. उतरताना त्यानेच माझी पिशवी घेतली. येत्या रविवारी दोघे येणार आहेत. काय सांगायचं, ते अजून ठरत नाही.