डब्यातली वही

२ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएस उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढली. सुमारे १०० मीटरचा घोळ वीसेक मीटरवर आला. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर यांनी एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. जिओकॅशिंगचा खेळ तिथून सुरू झाला.

भूगोलाच्या तासाला हे ऐकले आणि मला हातात मावणाऱ्या जीपीएस यंत्राचे वेड लागले. माझा मोबाईल दुपारीच मान टाकतो. रंगीत नकाशांच्या यंत्रांच्या किमती पाहून छाती दडपली. शेवटी एक वापरलेले सापडले. साधा पडदा, नकाशा नाही. पण दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालणारे, पावसाला न भिणारे. अक्षांश-रेखांश भरले की बाण दिशा दाखवतो. डब्यापर्यंत जायला तेवढे पुरे! तरी पैसे आबांच्या मजुरीचेच.

“त्यानं काय गावतं रं?” आबांनी विचारले.

“डबा. त्यात वही असते. शोधणाऱ्यानं आपलं नाव लिहायचं.”

आयुष्यभर अंगठा उठवणारे आबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “घे.”

पहिला डबा सापडला तेव्हा मी वहीत पूर्ण नाव लिहिले. मधले नाव आबांचे आहे.